बसून दाखवा

कोटाची ट्रायल म्हटलं की माणूस आरशासमोर उभा राहतो, पोट आत घेतो आणि मान वळवून स्वतःची पाठ बघायचा प्रयत्न करतो. आमच्या भालेराव मास्टरांकडे यातलं काही चालत नाही. त्यांच्या दुकानात आरसा आहे, पण त्याचं तोंड भिंतीकडे. दुकानाच्या मधोमध एक लाकडी खुर्ची. कच्च्या टाक्यांचा कोट तुमच्या अंगात चढवला की मास्टर तोंडातली टाचणी काढून म्हणतात, "हं. आता बसून दाखवा."

तुम्ही बसता. "पाठ टेकू नका." तुम्ही ताठ होता. "हात गुडघ्यावर. पालथे. समोर बघा. हसू नका." मग ते पाच पावलं मागे जातात, एक डोळा बारीक करतात आणि बघत राहतात. कोटाकडे नाही, तुमच्याकडे. आणि मधूनच तुमच्या डोक्यावरून पलीकडे. इतका वेळ बघतात की गिऱ्हाइकाला आपण आयुष्यात केलेली पापं एकेक करून आठवू लागतात. कॉलनीतले एक निवृत्त फौजदार या खुर्चीत दोन मिनिटं बसले आणि घाम पुसत उठले. म्हणाले, "आम्ही आरोपीकडेसुद्धा असं बघत नव्हतो हो."

असं का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं. "त्याचं काय हाय सर, उभ्यानं कोट हँगरलाबी बरा दिसतो. बसल्यावर कळतं कोट कुणाचा हाय."

मला हे वाक्य कधी कळलं नाही. अठरा वर्षं मी त्या खुर्चीत बसत आलो, आणि भालेराव मास्टरांबद्दल न कळलेल्या गोष्टींची माझी यादी तेव्हापासून वाढतच गेली.

आमची कॉलनी उपनगरात, नाशिकरोडच्या अलीकडे. कॉलनीच्या तोंडाशी मास्टरांचं दुकान आणि त्याला लागून मागे दोन खोल्यांचं घर. मास्टर एकसष्ट वर्षांचे, म्हणजे माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. शिडशिडीत अंगकाठी, गळ्यात टेप, खिशात खडू. बारा महिने पोशाख एकच, पांढरा हाफ शर्ट आणि करडी पॅन्ट. दुसऱ्याच्या अंगावर वाट्टेल ते प्रयोग करणारा हा माणूस स्वतःच्या अंगावर एकही करत नाही, ही माझ्या यादीतली दुसरी गोष्ट. दुकानाची पाटी मात्र सारखी बदलते. आधी 'भालेराव टेलर्स' होती, मग 'भालेराव मेन्स वेअर' झाली, मग 'भालेराव डिझायनर'. मध्ये एक वर्ष पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरात फक्त 'भा' एवढंच होतं. जपानवाल्यांच्या पाट्या लय बारक्या असतात, असं कारण सांगितलं. पोस्टमन वर्षभर वैतागलेला होता.

मी शाळेत भूगोल शिकवायचो. यंदाच निवृत्त झालो. मास्टरांकडे पहिल्यांदा गेलो ते स्नेहसंमेलनासाठी एक साधा शर्ट शिवायला. त्यांनी टेप उजव्या खांद्यावर ठेवली, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या. असं तीनदा मापलं.

"सर, तुमचा उजवा खांदा उतरलाय."

"किती?"

"पाऊण इंच."

मी म्हटलं, नकाशांची भेंडोळी, पृथ्वीचा गोल आणि वह्यांची पिशवी, सगळं रोज याच खांद्यावरून वर्गात नेतो. आख्खं जग एका खांद्यावर वाहिलं तर तो उतरणारच. हा माझा स्टाफरूममधला हमखास चालणारा विनोद. मास्टर हसले नाहीत. वहीत माप लिहिलं, त्याभोवती खडूनं गोल काढला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला उगाचच आपण काहीतरी चांगलं केलंय असं वाटलं.

त्या दिवसापासून त्यांनी मला सोडलं नाही. कधी मी कॉलेज रोडवरून रेडीमेड शर्ट आणला की ते दुकानाच्या पायरीवरून विचारायचे, "कुणी शिवला?" रेडीमेड आहे म्हटलं की चार दिवस बोलायचे नाहीत. पाचव्या दिवशी स्वतःच हाक मारून नवा शर्ट हातात द्यायचे. माप त्यांच्याकडे होतंच.

इथवर सगळं ठीक होतं. मग मास्टरांच्या हातात मोबाईल आला आणि घात झाला.

एका सकाळी ते फोन घेऊन माझ्या घरी आले. फोनमध्ये एक म्हातारा टेलर कोटाच्या खांद्यातून कापसाची गादी उपटून फेकत होता. मास्टर भारावले होते. "सर, इटली कुठंशी येतं?"

मी नकाशा उलगडून दाखवलं. ते बराच वेळ त्या बुटाकडे बघत राहिले. "देशालासुद्धा आकार दिलाय. तरीच," असं म्हणून गेले. पुढची दोन वर्षं आमच्या कॉलनीतल्या एकाही कोटाच्या खांद्यात कापूस नव्हता. ज्यांना मुळातच खांदे नव्हते त्यांची ही बाब इतकी वर्षं झाकलेली होती, ती आता चारचौघांत आली. "इटलीवाला म्हणतो, खांदा हाय तसा दिसू द्या," असं मास्टर सांगायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, हा इटलीवाला देवळालीला राहतो आणि काल चहाला आला होता.

परदेशी डिझायनरांची नावं त्यांच्या जिभेवर बसत नाहीत. म्हणून ते त्यांना देशावरून ओळखतात आणि सोयऱ्यांसारखं त्यांच्याबद्दल बोलतात. "इटलीवाला आता थकला बिचारा." "इंग्लंडवाला कडक, पण मनानं चांगला." एका जाड वहीत या सगळ्यांच्या कोटांची चित्रं डकवलेली, आणि प्रत्येक चित्राखाली मास्टरांच्या अक्षरात एक प्रश्न. मी एकदा डोकावलो होतो. एका चित्राखाली लिहिलं होतं, 'आत माणूस केवढा?' मी वही मिटली. यादीत आणखी एक भर.

इटलीनंतर जपान आलं. "जपानवाला म्हणतो, कापड अंगाला चिकटलं तर दोघांचाबी अपमान. मधी हवा पाहिजे." माझ्यासाठी त्यांनी जो काळा शर्ट शिवला त्यात मी वळलो की शर्ट थोड्या वेळानं वळायचा. सुलभा, म्हणजे माझी बायको, दोरीवर वाळत घालताना म्हणाली, "हा शर्ट आहे की मांडव?" त्याच सुमाराला वणीकडच्या एका लग्नासाठी नवरदेवाच्या सहा काका-मामांचे पोशाख शिवायला आले. मास्टरांनी सहाही जणांना मापाच्या दीडपट, काळं आणि ढगळ शिवून दिलं. लग्नात मुलीकडच्या लोकांनी त्या सहा जणांना ओळीत उभं बघून अगदी प्रेमानं विचारलं, "वाजवायला कधी सुरू करताय?" आणि त्यांना बँडवाल्यांच्या पंगतीला नेऊन बसवलं. थोरले मामा दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन बरंच काही बोलून गेले. मास्टर शांतपणे म्हणाले, "पण बसल्यावर कसं वाटलं?"

मग बेल्जियम. "बेल्जियम कुठंशी येतं, सर?" हा प्रश्न ऐकला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. बेल्जियमवाला शिलाई लपवत नाही, आतलं सगळं बाहेर ठेवतो, असं कळलं. आठवड्याभरानं मला जी पॅन्ट मिळाली तिचे खिसे, अस्तर आणि शिवण सगळं बाहेरच्या बाजूला होतं. सकाळच्या घाईत मी ती चढवून शाळेत गेलो. सातवी ब मध्ये फळ्याकडे तोंड करून नद्या काढत होतो. वर्ग कधी नव्हे इतका शांत. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, रागवणार नसाल तर सांगते. पॅन्ट उलटी आहे."

मी वर्गाला बेल्जियम समजावून सांगितलं. दुसरा मार्गच नव्हता. त्या बॅचची मुलं आता नोकरीधंद्याला लागली आहेत. रस्त्यात भेटली की बाकी काही आठवो न आठवो, बेल्जियमची चौकशी करतात.

त्यानंतर इंग्लंडवाला आला तेव्हा मला बरं वाटलं होतं. पण त्यांनी कॉलरमध्ये बकरमचं इतकं कडक अस्तर घातलं की मला मान खाली घालता येईना, आणि आमच्या रस्त्यानं चालताना मान खाली असणं किती गरजेचं आहे ते इथल्या कुणालाही विचारा.

माझ्या कपाटात असे चार देश शेजारी शेजारी टांगलेले आहेत. मी बाहेर निघालो की सुलभा विचारते, "आज कुठल्या देशात?" मलाही सांगता येत नाही. सकाळी इटलीची पॅन्ट आणि जपानचा शर्ट घातला की दिवसभर आपण कोण, अशी शंका येत राहते.

एकदा मी मास्टरांना सरळच विचारलं. "या सगळ्यांचं बघून बघून शिवता. तुमची स्वतःची स्टाईल कोणती?"

त्यांनी कात्री खाली ठेवली. "तेच कळंना, सर. ह्या परत्येकाला एकेक गोष्ट म्हाईत हाय. इटलीवाल्याला खांदा कळतो. जपानवाल्याला कळतं की कापड आन् अंग ह्यांच्या मधी काय असतं. बेल्जियमवाला कोट उघडून आतलं दावतो. पर मला पाहिजे ते एकालाबी म्हाईत नाय."

"तुम्हाला काय पाहिजे?"

"बघू," ते म्हणाले, "कापड काय म्हणतं." हे त्यांचं आवडतं वाक्य. बोलणं संपलं असा त्याचा अर्थ असतो, एवढं मात्र मला कळत होतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. यंदा आमच्या केतकीचं लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी. साखरपुडा झाल्याच्या रात्री जेवताना सुलभा म्हणाली, "एक गोष्ट आत्ताच सांगते. कोट भालेरावांकडे नाही. त्या दिवशी मला तुम्ही इटलीचे नको, जपानचे नको, कुठलेच नको. मुलीचे वडील दिसा, बस्स." मी शब्द दिला. अगदी मनापासून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघालो तर मास्टर पायरी उतरून समोर आले. "सर, केतकीच्या लग्नाचा कोट मी शिवणार. कापड घेऊन ठेवलंय." आत नेऊन त्यांनी कपाटातून जुन्या धोतरात गुंडाळलेलं कापड काढलं. निळ्याकडे झुकणारं करडं, हाताला मऊ आणि वजनदार.

"कधी घेतलंत?"

"चार वर्षं झाली."

"चार वर्षं? केतकी तेव्हा कॉलेजात होती!"

"व्हय. पर तुमचं वय बसू द्यायचं होतं."

माझं वय कुठे बसायचं होतं, हे मी विचारलं नाही. माणूस कापडावरून असा हात फिरवत होता की मला नाही म्हणवेना. मी हो म्हणालो आणि घरी काही बोललो नाही. तीस वर्षांच्या संसारात सुलभापासून लपवलेली ही माझी पहिलीच भानगड, आणि तीही एका कोटाची.

पहिल्या ट्रायलला लग्न महिन्यावर होतं. मी बसलो, हात गुडघ्यावर ठेवले. बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या होत्या. मी म्हटलं, "मास्टर, बाही लांब आहे." ते म्हणाले, "असू द्या, आधी बघू द्या." बघितलं. माझ्या डोक्यावरून बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. दुसऱ्या ट्रायलला बाही आखूड झाली होती, पण छाती अशी प्रचंड की आत नवरदेवालाही घेता आलं असतं. तिसऱ्या ट्रायलला छाती ठीक झाली, तर खांद्यात पुन्हा कापूस. लग्नाला दहा दिवस उरलेले असताना मी दुकानात शिरलो, तर टेबलावर कोट नव्हताच. सगळे टाके उसवून त्यांनी त्याचे तुकडे वेगळे केले होते. पुढचे दोन, पाठ, बाह्या. तुकड्यांवर पांढऱ्या, पिवळ्या, निळ्या खडूच्या इतक्या रेघा की मला वाटलं, आमच्या वर्गातल्या खोडकर पोरांनी नद्यांचा नकाशा काढलाय.

"इटलीवाल्याचं ऐकलं, जपानवाल्याचं ऐकलं," मास्टर म्हणाले, "कुणाचंच खरं नाय." त्यांच्या आवाजात रडवेपणा होता. इतके दिवस मी त्यांना फॅशनचं खूळ लागलेला माणूस समजत होतो. पण खुळासाठी कुणी असं रडकुंडीला येत नाही. माझा गोंधळ आणखी वाढला.

घरीही अखेर लपलं नाही. माझ्या बनियनला चिकटलेला कच्च्या टाक्यांचा पांढरा दोरा सुलभाच्या हाती लागला. पुढे काय झालं ते लिहीत नाही. शेवटी ती दमून खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "तीन दिवसांवर लग्न आलंय. तिच्या बाजूला उभे राहाल तेव्हा लोक तुम्हाला हसले, तर ती ते जन्मभर विसरणार नाही. जा आणि जसा असेल तसा कोट घेऊन या. नाहीतर आजच्या आज दुसरा आणा." ती बरोबर होती. मी रागारागानं निघालो.

दुकान उघडं होतं, पण मास्टर नव्हते. भालेराव वहिनी काजं करत बसल्या होत्या. "घोटीला गेलेत," त्या म्हणाल्या. "येतील आता एवढ्यात. बसा, सर."

"आज घोटीला? माझ्या घरी लग्न आहे वहिनी, आणि कोटाचे अजून तुकडे आहेत!"

"तुमच्या कोटासाठीच गेलेत."

मी खुर्चीकडे गेलो आणि थांबलो. इतक्या वर्षांत या खुर्चीत मी नेहमी कुणाच्या तरी हुकमानं बसलो होतो, दाराकडे तोंड करून. खुर्चीच्या मागची भिंत मी कधी नीट पाहिलीच नव्हती. तिच्यावर रिळांच्या फळीच्या वर, बुद्धांच्या तसबिरीखाली, एक लहान काळापांढरा फोटो होता. एक माणूस लाकडी खुर्चीत ताठ बसलेला. पाठ टेकलेली नाही. हात गुडघ्यावर, पालथे. समोर बघतोय, हसत नाही. अंगात कोट, बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आलेल्या. आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला, पाऊण इंच तरी असेल.

मागून वहिनी म्हणाल्या, "नाना. माझे सासरे."

त्यांनी काजं बाजूला ठेवली आणि सांगितलं. नाना घोटीच्या भातगिरणीत हमाल होते. पोती उजव्या खांद्यावर वाहून वाहून तो खांदा उतरला. घरात मोठा फोटो होता, त्यांच्या सगळ्यांच्या घरात असतो तो, निळ्या कोटातला. त्याच्याकडे बघून नाना म्हणायचे, आपणबी एकदा कोट घालायचा. धाकटा प्रभाकर, म्हणजे आपले मास्टर, नाशिकला शिवणकाम शिकायला गेला त्या वर्षी नाना बाजाराच्या दिवशी स्टुडिओत जाऊन हा फोटो काढून आले. "स्टुडिओत एकच कोट असायचा, सर. येईल त्याला तोच घालायचे. पर नाना समद्यांना सांगायचे, कोट माझाच हाय, माझ्या मापाचा. ह्यांनी म्हटलं, नाना, मी शिवतो की तुम्हाला, माप देता का? तर म्हणाले, पुढल्या सुट्टीला आलास की घे." वहिनींनी फोटोकडे बघितलं. "पुढल्या सुट्टीच्या आधीच गेले. अठ्ठावन्न वर्षांचे होते."

माप घ्यायचं राहून गेलं. उरला हा फोटो, आणि त्यात दुसऱ्याचा कोट. मास्टर चाळीस वर्षं त्या कोटाच्या आतला माणूस शोधत होते. "कोट मोठा का माणूस बारका, हेच त्यांना कळंना," वहिनी म्हणाल्या. "म्हणून ते परदेशातले लोक बघत बसायचे. कुणीतरी सांगंल म्हणायचे, नुसत्या कोटावरून आतलं अंग कसं ओळखायचं ते. त्याच्या आधीच तुम्ही आला होतात. तुमचा खांदा बघून आले त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, सर अठ्ठावन्नचे झाले की शिवतो."

मी यंदाच अठ्ठावन्न पूर्ण केली. रागाचं काय झालं ते मला सांगता येणार नाही. मी आलो कशाला होतो, तेसुद्धा थोडा वेळ आठवेना.

तेवढ्यात मास्टर आले. एसटीतून उतरून तसेच चालत आलेले, चपलांवर धूळ. मी तिथे का आलोय हे त्यांनी विचारलं नाही. दुकानाच्या पायरीवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "सर, त्या कोटाला पाठच नव्हती."

"म्हणजे?"

"स्टुडिओवाला म्हातारा सापडला. इतकी वर्षं मला वाटत होतं तो गेला, तर तो घोटीतच लेकीकडं हाय. त्याला कोटाचं माप इचारलं. तर हसाय लागला. म्हणाला, माप कसलं? पुढचे दोन भाग न् दोन बाह्या. मागं उघडा. नाडीनं बांधायचा, म्हणजे जाड्यालाबी होतो, बारक्यालाबी होतो." त्यांनी डोळे पुसले, हसत होते की रडत होते ते ओळखू येईना. "चाळीस वर्षं मी त्या कोटाची पाठ मापतोय, सर. इटलीवाल्याला इचारलं, जपानवाल्याला इचारलं. ते तरी काय सांगणार? पाठच नाय!"

वहिनी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मग मीही हसलो. नाडी सुटू नये म्हणून नाना ताठ बसले होते. पाठ टेकू नका, हे आम्ही सगळे कॉलनीवाले अठरा वर्षं त्या नाडीपायी ऐकत होतो, आणि नाना मात्र गावभर सांगत हिंडले होते, कोट माझाच.

मास्टर उठून टेबलाशी गेले. "पाठ नाय, म्हणजे कोट मागून खेचणार कोण? म्हणजे खांद्याचा उतार दिसतो तेवढा समदा नानांचाच. कोटाचा दोष नव्हता. मीच उगा निम्मा कोटाचा धरला." त्यांनी ब्रश घेतला आणि तुकड्यांवरच्या सगळ्या रेघा झटकून टाकल्या. पांढऱ्या, पिवळ्या, निळ्या. मग एकच नवी रेघ ओढली.

मी दबकत विचारलं, "मास्टर, एक सांगा. हा कोट माझा की नानांचा?"

त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं. ते माझ्यापेक्षा जास्त गोंधळलेले होते. "कापतोय तर तुमच्याच मापानं," ते म्हणाले. "बसल्यावर कळंल. परवा या."

लग्न छान झालं. कोटाला कुणी हसलं नाही, कुणी वाखाणलाही नाही. माझ्या अंगात काही नवीन आहे हेच पुष्कळांच्या लक्षात आलं नाही. केतकीनं निघताना त्याच्या उजव्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिथे ओला डाग पडला, तो मी अजून धुऊ दिलेला नाही. मांडवात सुलभानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, कॉलर उगाच सारखी केली आणि विचारलं, "हा कुठल्या देशाचा?" मी म्हटलं, "घोटीचा."

पण मला सांगायचंय ते आदल्या दिवशीचं. ठरल्याप्रमाणे मी ट्रायलला गेलो. मास्टरांनी कोट अंगात चढवला. ना गादी, ना हवा, ना आतलं बाहेर. बाही मनगटाशी येऊन थांबली होती. त्यांनी टाचणी तोंडातून काढली, पण नेहमीचं वाक्य त्यांच्या तोंडून निघेना. मीच जाऊन खुर्चीत बसलो. पाठ टेकली नाही. हात गुडघ्यावर, पालथे. समोर बघितलं. हसलो नाही.

ते पाच पावलं मागे गेले. माझ्याकडे बघितलं, माझ्या डोक्यावरून बघितलं, पुन्हा माझ्याकडे. मग पुढे आले, माझ्यासमोर जमिनीवर बसले आणि माझ्या गुडघ्यावरची बाही दोन बोटांनी चाचपत, मान खाली घालूनच म्हणाले, "नाना, खांद्यात आवळत नाय ना?"

आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. तीन वर्षांनी मोठा माणूस, एरवी मी त्यांना अहोजाहो करतो.

"नाही रे," मी म्हटलं. "अगदी माझ्या मापाचा झालाय."